नळाच्या पाण्यात शिसं येतंय का? ठाणे-नवी मुंबईच्या घरात कसं तपासायचं आणि काय बदलायचं

२०२४ च्या शेवटाला अमेरिकेत लाखो घरांना पत्रं गेली, की रस्त्यावरून तुमच्या घरात येणारा पाण्याचा पाइप शिशाचा आहे, किंवा तो कशाचा आहे याची आमच्याकडे नोंदच नाही. आता ठाण्यात काय नि वाशी-नेरूळला काय, दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये कुणाचा ना कुणाचा मुलगा-मुलगी तिकडे आहे, त्यामुळे त्या पत्रांचे फोटो इकडच्या सोसायटीच्या ग्रुपवर यायला वेळ लागला नाही आणि मग एकच प्रश्न, आपल्याकडे पण असं असतं का हो? मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत पाण्याचं काम बघते, हा प्रश्न मला जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजी आणताना सगळीकडे विचारला जातो, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय.

तिकडचं आधी थोडक्यात. अमेरिकेत रस्त्यातल्या मेन लाइनपासून घरापर्यंतचा पाइप, म्हणजे सर्व्हिस लाइन, पूर्वी सर्रास शिशाची टाकायचे कारण शिसं मऊ, वाकवायला सोपं आणि टिकतं खूप. १९८६ मध्ये नव्या कामात शिशाचे पाइप वापरायला बंदी आली पण जमिनीत होते ते तसेच राहिले. २०१४ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट शहरानं पैसे वाचवायला पाण्याचा सोर्स बदलला, नदीचं पाणी घेतलं आणि पाइप आतून खराब होऊ नयेत म्हणून जे केमिकल घालायला हवं होतं ते घातलं नाही, त्यानं जुन्या पाइपांतलं शिसं सुटलं आणि थेट लोकांच्या ग्लासात आलं. त्यानंतर न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरानं तीन वर्षांच्या आत तेवीस हजारांच्या आसपास लाइनी बदलल्या, घरमालकांकडून पैसे न घेता, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरासाठी नियम आला की बहुतेक सगळ्या शिशाच्या लाइनी दहा वर्षांत काढा.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. ठाणे-नवी मुंबईत सोसायटीला येणारी लाइन प्रामुख्याने जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची असते, नाहीतर नव्या कामात प्लास्टिकची, त्यामुळे ते पत्र वाचून आपल्या बिल्डिंगखाली शिशाची नळी पुरलीय असं समजून रात्रीची झोप घालवू नका. पण शिसं फक्त शिशाच्या पाइपातूनच येतं असंही नाही, आणि आपल्याकडे ते शोधायच्या जागा बऱ्याच घराच्या आत आहेत. माझं म्हणणं हेच आहे की महागडं मशीन घ्यायच्या आधी, कमिटीशी भांडायच्या आधी, शिसं येतंय का आणि येत असेल तर नेमकं कुठल्या तुकड्यातून, एवढं कळून घ्या. कारण तो तुकडा पुष्कळदा किचनचा नळच असतो आणि नळ आपल्याला एका दुपारी बदलता येतो.

आपल्याकडे शिसं कुठे कुठे लपतं

पाण्याचा रस्ता डोळ्यासमोर आणा. ठाण्याला भातसाचं पाणी, स्टेमचं, एमआयडीसीचं, असं वेगवेगळीकडून येतं, नवी मुंबईला मोरबे धरणातून भोकरपाड्याच्या केंद्रात साफ होऊन येतं. शिसं सहसा धरणात नसतं, ते वाटेत मिसळतं. मेन लाइनवरून टॅपिंग, मग सर्व्हिस लाइन, मीटर, खालची टाकी, पंप, वरची टाकी, तिथून खाली येणारा डाउनटेक आणि शेवटी आपल्या घरातली अर्ध्या इंची लाइन आणि नळ. मीटरच्या पुढचं सगळं सोसायटीचं आणि फ्लॅटच्या आतलं आपलं स्वतःचं, महापालिका तिथे येऊन बघणार नाही.

आता शिशाच्या जागा. सगळ्यात पहिली म्हणजे पितळी नळ, अँगल कॉक (नळाखाली पाणी बंद करायचा छोटा कॉक), बॉल व्हॉल्व्ह. पितळ मशीनवर नीट कापलं जावं म्हणून त्यात मुद्दाम दोन-तीन टक्के शिसं घालतात, वरून क्रोमचं चकचकीत प्लेटिंग असलं तरी आतून पाणी पितळालाच लागतं, आणि नवाकोरा नळ सुरुवातीला जास्त शिसं सोडतो. दुसरी जागा सफेदा. जुन्या जीआयच्या जॉइंटला प्लंबर सुतळी गुंडाळून वर सफेदा लावायचे, तो मूळचा शिशाचा पांढरा रंगच. तिसरी, जीआयवरचं जस्ताचं गॅल्व्हनायझिंग, जुन्या पाइपांत त्या जस्तातही थोडंफार शिसं असायचं आणि आत गंजाचे जे पापुद्रे धरतात त्यात ते अडकून बसतं. चौथी, पीव्हीसी पाइप. पीव्हीसी उष्णतेनं खराब होऊ नये म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षं शिशाचं स्टॅबिलायझर वापरलं गेलं, शेवटी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं त्यावर नियम आणले, म्हणजे त्याआधी बसवलेल्या पीव्हीसी लाइनीबद्दल शंका घ्यायला जागा आहे. जुन्या सीआय म्हणजे बिडाच्या लाइनीचे जॉइंट तर शिसं वितळवून ओतूनच भरायचे, पण बिल्डिंगमध्ये ते बहुतेक ड्रेनेजच्या पाइपांना दिसतात आणि त्यांचा पिण्याच्या पाण्याशी संबंध नाही.

आणि एक, धरणात साठलेलं पावसाचं पाणी बहुतेक वेळा मऊ असतं, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार कमी. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो आणि चवीला ते छानच असतं, पण मऊ आणि जरा आम्लाकडे झुकणारं पाणी धातू जास्त विरघळवतं. त्यात आपलं पाणी तास ठरवून येतं, मधल्या वेळात पाइपात उभं राहतं, आणि उभं राहिलेलं पाणीच सगळ्यात जास्त शिसं घेतं.

पाइप ओळखायचा कसा

एक लोहचुंबक घ्या, फ्रिजवर चिकटवतो ना तो पण चालेल. मीटरच्या खोलीत, पंपाजवळ, आणि आपल्या किचन-बाथरूमच्या डक्टमध्ये जिथे पाइप उघडा दिसतो तिथे लावून बघा. चिकटला तर लोखंड, म्हणजे जीआय. नाही चिकटला आणि पाइप धातूचा आहे तर रंग काढून नाण्यानं हलकं खरवडा (पाइप फार गंजलेला असेल तर हात लावू नका, गळती लागेल), आतून तांबूस निघाला तर तांब्याचा, आणि नाणं मऊ मऊ रुतलं, चंदेरी चमक आली आणि ठोकल्यावर खणखण न वाजता बद्द वाजलं, तर शिशाचा. असा सापडला तर फोटो काढा आणि थेट कमिटीला आणि वॉर्डाच्या पाणी विभागाला लेखी कळवा. प्लास्टिकचा असेल तर त्यावरची छपाई वाचा, सीपीव्हीसीवर (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप) आयएस १५७७८ आणि पीव्हीसीवर आयएस ४९८५ असा भारतीय मानकाचा नंबर लिहिलेला असतो, सोबत बनवल्याची तारीख किंवा बॅच असते तीही लिहून घ्या. काहीच छापलेलं नसेल तर तो पाइप कुठला, कुणी बनवला, काहीच कळायला मार्ग नाही आणि पिण्याच्या लाइनीत तो मला तरी चालणार नाही.

बाहेरून बघून एवढंच कळतं. पाण्यात किती आहे ते टेस्टशिवाय कळत नाही, इथे शॉर्टकट नाही.

टेस्ट, आणि हा भाग घाई न करता वाचा

टीडीएस मीटर याला बिनकामाचा. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको, म्हणजे १० पीपीबी (शंभर कोटी भागांत दहा), आणि टीडीएस मीटर मोजतो पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती), हजारपट मोठ्या आकड्यात. १० पीपीबी म्हणजे ०.०१ पीपीएम, मीटरवर ५० दिसलं काय आणि ६० दिसलं काय, शिसं त्यात कुठेच दिसणार नाही. सेल्समन घरी येऊन दोन तारा पाण्यात बुडवून पाणी पिवळं-काळं करून दाखवतात त्याचाही शिशाशी संबंध नाही, तो त्या तारांचाच गंज असतो. नेहमीच्या पाण्याच्या रिपोर्टमध्येही जंतू, क्लोरीन, पीएच, गढूळपणा, हार्डनेस एवढंच येतं, शिसं वेगळं सांगून करून घ्यावं लागतं.

लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली बघा, आणि ती मान्यता पाण्यातल्या शिशासाठी आहे का ते विचारा. नुसती भिंतीवर फ्रेम लावलेली पुरेशी नाही. महापे-रबाळे-तुर्भेच्या एमआयडीसी पट्ट्यात आणि वागळे इस्टेटच्या बाजूला अशा लॅब मिळतात. फोनवर अजून एक विचारा, तुमची डिटेक्शन लिमिट, म्हणजे कमीत कमी किती शिसं तुमच्या मशीनला दिसतं? हे फार महत्त्वाचं आहे. काही ठिकाणी अजून लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास मोजणारी पद्धत वापरतात (जुन्या मानकात मर्यादाच तेवढी होती), मग रिपोर्टवर 'बीडीएल' छापून येतं, म्हणजे मशीनला दिसलं नाही एवढंच, आणि आपण समजतो शिसं नाही. लिमिट ०.००५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तरच पैसे द्या. बाटली त्यांच्याकडूनच घ्या, घरातली बिसलेरीची चालत नाही.

सॅम्पल असं घ्यायचं. रात्री जेवणाची भांडी झाली की किचनचा नळ बंद, सकाळपर्यंत किमान सहा तास कुणी तो उघडायचा नाही, घरात सगळ्यांना सांगून ठेवा आणि नळावर कागद चिकटवा, नाहीतर पहाटे कुणीतरी चहाचं आधण ठेवतंच. सकाळी नळ उघडताक्षणी पहिलं पाव लिटर एका बाटलीत आणि लगेच त्यामागचं पाऊण लिटर दुसऱ्या बाटलीत. अर्ध्या इंची पाइपात एका मीटरला साधारण पावणेदोनशे मिली पाणी मावतं, म्हणजे पहिलं पाव लिटर हे नळातलं आणि अँगल कॉकच्या आसपासचं, आणि पुढचं पाऊण लिटर घरातल्या भिंतीतल्या चारेक मीटर पाइपातलं. मग नळ पाच मिनिटं सोडा (ते पाणी बादलीत धरा) आणि तिसरी बाटली भरा, हे डाउनटेकचं आणि टाकीचं पाणी. नळाच्या तोंडाची जाळी काढू नका, रोज जसं वापरता तसंच. बाटल्यांवर नाव, वेळ, कितवी बाटली ते लगेच लिहा. सोसायटी खर्च करायला तयार असेल तर खालच्या टाकीत पाणी पडतं तिथून पण एक घ्या, महापालिकेकडून काय येतंय आणि आपण त्यात काय मिसळतोय ते समोरासमोर दिसतं.

रिपोर्ट वाचताना युनिट बघा, मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम, यात मोठमोठे लोक गडबडतात. पहिली बाटली जास्त आणि बाकीच्या कमी, तर दोषी नळ. दुसरी जास्त, तर भिंतीतली लाइन किंवा तिचे जॉइंट. तिसरीसुद्धा जास्त असेल तर मामला सोसायटीचा, वरपासून खालपर्यंत बघावं लागेल. आणि मर्यादेच्या आत आलं पण शून्य नाही, तर घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर मी तरी स्वस्त उपाय लगेच करेन, कारण जागतिक आरोग्य संघटनेनुसार शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही.

रिपोर्ट येईपर्यंत

सकाळचं पहिलं पाणी पिऊ नका आणि त्यात स्वयंपाक करू नका. आपल्याकडे पाणी वाया घालवायला जीव होत नाही आणि होऊही नये, ते पहिलं पाणी बादलीत धरून फरशीला, कुंड्यांना, फ्लशला वापरा. नळ सोडून पाणी हाताला जरा गार लागायला लागलं की पिण्याचं भरून ठेवा, दिवसभराचं एकदाच. शटडाऊननंतर पाणी येतं ते लालसर-गढूळ असेल तर त्या दिवशी तर नक्कीच थांबा, ते गंजाचे पापुद्रे असतात आणि शिसं त्यांना चिकटून येतं.

गीझरचं पाणी स्वयंपाकाला घेऊ नका. गॅस वाचतो म्हणून डाळ-भाताला, चहाला गीझरचं गरम पाणी घेणारी घरं मी खूप बघितलीत. गरम पाणी धातू पटकन विरघळवतं आणि गीझरमध्ये ते तासन् तास बसलेलं असतं. बाळाच्या दुधाला तर अजिबात नको.

उकळून शिसं जात नाही. काविळीच्या भीतीनं पावसाळ्यात उकळतो ते बरोबरच आहे, जंतू मरतात, पण शिसं भांड्यात तसंच राहतं, उलट वाफ गेल्यामुळे थोडं घट्टच होतं. तुरटी, फडकं, क्लोरीनचे थेंब, तांब्याचा हंडा, यातल्या कशानंही ते निघत नाही.

आणि हो, नळाची जाळी महिन्यातून एकदा खोलून धुवा, तिथे बारीक कण साठतात.

प्युरिफायर आहे ना, मग काय?

कुठला आहे त्यावर आहे. नुसता यूव्ही किंवा यूव्ही-यूएफ असेल तर शिसं निघत नाही, ते जंतूंसाठी आहेत. आरओनं निघतं, पण इथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. आपल्याकडचं पाणी आधीच कमी टीडीएसचं, त्यामुळे आरओनंतर पाणी फिकं लागतं, मग मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर देतात, आणि तो चव आणायला थोडं पाणी मेम्ब्रेनला (आरओच्या गाळणाऱ्या पडद्याला) वळसा घालून नुसतं यूव्हीतून आणतो आणि आरओच्या पाण्यात मिसळतो. त्या वळसा घातलेल्या पाण्यातलं शिसं थेट तुमच्या ग्लासात. म्हणून टेस्ट करताना प्युरिफायरच्या नळाचीही एक बाटली द्या, आणि शिसं सापडलं तर टेक्निशियनला सांगून तो कंट्रोलर पूर्ण बंद करून घ्या. मेम्ब्रेन वेळेवर बदला, दिवा हिरवा आहे म्हणून वर्षानुवर्षं चालवू नका. आरओ पाणी बरंच फेकतो, त्यामुळे टेस्टमध्ये काही नसेल तर केवळ शिशाच्या भीतीनं तो घेऊ नये असं माझं मत.

बदलायचं तर काय आणि कसं

नळच दोषी असेल तर काम सोपं. किचनच्या पिण्याच्या नळासाठी ३०४ ग्रेड स्टेनलेस स्टीलचा नळ घ्या, आता सहज मिळतो, आणि खालचा अँगल कॉक पण सोबत बदला, लोक तो विसरतात. बाथरूमचे नळ राहू दे, त्यातून कुणी पाणी पीत नाही. प्लंबरला आधीच सांगायचं, "दादा, सफेदा नको, टेफ्लॉन टेप लावा," आणि तिथे उभं राहून बघायचं.

भिंतीतली लाइन असेल तर खरंतर किचनचं रिनोव्हेशन होईल तेव्हा सीपीव्हीसी टाकणं बरं पडतं, तोवर पहिलं पाणी सोडून देणं आणि आरओ यावर भागतं. घाईघाईत अर्धीच लाइन बदलू नका. अमेरिकेत हे नीट दिसून आलंय, शिशाच्या लाइनीचा अर्धाच तुकडा बदलला तर कापाकापीत राहिलेला भाग हलतो आणि पुढे काही काळ शिसं आधीपेक्षा वाढतं. कुठलंही काम झालं की सगळ्या जाळ्या काढून नळ बराच वेळ सोडायचे आणि मगच पाणी प्यायला घ्यायचं.

डाउनटेक किंवा सर्व्हिस लाइन बदलायची तर विषय जनरल बॉडीत न्यावा लागतो. तिथे तोंडी सांगून उपयोग नाही, रिपोर्टच्या झेरॉक्स वाटा, तीन-चार वेगवेगळ्या मजल्यांचे असतील तर अजून बरं, म्हणजे "तुमच्या एकटीच्या घरातच असेल" हे वाक्य तिथल्या तिथे संपतं. सर्व्हिस लाइनीला महापालिकेचा परवानाधारक प्लंबर आणि रस्ता खोदायची परवानगी लागते, आणि कुठल्या कॉन्ट्रॅक्टरनं किती स्वस्त दिलं यापेक्षा कोटेशनमध्ये पाइपाचा आयएस नंबर आणि 'लेड-फ्री' (शिसं नसलेलं) हे शब्द लेखी आहेत का ते बघा.

नौपाड्यात आणि वाशीच्या जुन्या सिडको बिल्डिंगांत आता रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा जोरात आहेत, तिथे सगळे कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंडावर भांडतात, प्लंबिंगचं पान कुणी उघडत नाही. उघडा. पिण्याच्या लाइनीचे पाइप, फिटिंग आणि किचनचे नळ लेड-फ्री असतील आणि ताबा देण्याआधी बिल्डर प्रत्येक विंगमधल्या पाण्याची शिशाची टेस्ट करून देईल, ही एक ओळ अॅग्रीमेंटमध्ये आत्ता घालून घेता येते, नंतर नाही.

बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या आज्यांसाठी

मुलगी-सून शिकागो, न्यू जर्सी, क्लीव्हलँड अशा जुन्या भागात राहत असेल तर गेल्या गेल्या त्यांना विचारा, ते पत्र आलं होतं का, लाइन कशाची आहे? शिकागोत तर देशात सगळ्यात जास्त शिशाच्या लाइनी आहेत. बऱ्याच शहरांचे नकाशे ऑनलाइन आहेत, पत्ता टाकला की दिसतं, आणि पुष्कळ ठिकाणी पाणीपुरवठा विभागाकडे मागितलं तर टेस्ट करून मिळते. लाइन शिशाची असेल तर बाळाचं दूध, पेज, तुमचा चहा, सगळं गार नळाच्या फिल्टर केलेल्या पाण्यात, आणि फिल्टरच्या खोक्यावर एनएसएफ ५३ (तिकडचं फिल्टरचं मानक) असं लिहून शिसं काढतो असं स्पष्ट म्हटलेलं हवं, नुसतं चव सुधारतो म्हणणारा फिल्टरचा जग नको. तिकडे नळाला चोवीस तास गरम पाणी येतं म्हणून तेच पातेल्यात घ्यायचा मोह होतो, तो टाळा.

मुलांची रक्ततपासणी

पाण्यात जास्त सापडलं आणि घरात सहा वर्षांच्या आतलं मूल आहे, किंवा कुणी गरोदर आहे, तर डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा आणि रक्तातलं शिसं तपासायचं का ते विचारा. शिसं वारेतून बाळापर्यंत जातं आणि हाडांत साठून राहतं, आणि मुलांत बाहेरून काहीच दिसत नाही, अभ्यासात लक्ष न लागणं, चिडचिड, पोटात दुखणं, याला आपण दुसरीच कारणं देत बसतो. रक्तात डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर कुठून येतंय ते शोधून बंद करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शोधताना पाण्यापुरतं थांबू नका, भांड्यांची हलक्या दर्जाची कल्हई, सुटी रंगवलेली हळद, शेंदूर, खिडक्यांचे पोपडे आलेले जुने ऑइलपेंट, आपल्या घरांत शिसं यातूनही येतं. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलांचं शरीर शिसं जास्त शोषतं, म्हणून नाचणी, पालेभाज्या, दूध हे चालू ठेवाच.

नळ किंवा लाइन बदलल्यावर महिना-दोन महिने वापर होऊ द्या आणि मग त्याच नळाची, तशीच रात्रभर बंद ठेवून, त्याच लॅबमध्ये परत टेस्ट करा. दोन्ही रिपोर्ट सोसायटीच्या फाइलला लावा, बदललेल्या पाइपाचा कापलेला तुकडा आणि फोटोही ठेवा, कमिटी बदलली की पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावं लागणार नाही.